मुतखड्याची दुर्बीण आत जाते कशी?



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन, हुमणीचा बंदोबस्त असे विषय वाचता. या अंकात थोडी वेगळी वाट धरली आहे. ऊसनोंदीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना एक गोष्ट वारंवार कानावर येते. उसाचे बोलणे संपले की चहा येईपर्यंत कोणीतरी हळूच विचारतो, "साहेब, मुतखड्याला खालून दुर्बीण घालायची म्हणतात. लई त्रास होतो का हो?" विचारणाऱ्याच्या खिशात बहुधा सोनोग्राफीचा कागद घडी घालून ठेवलेला असतो, आणि तो कागद सहा-सहा महिने जुना असतो. म्हणजे निदान झालेले असते, डॉक्टरांनी तारीखही सुचवलेली असते. अडलेले असते ते फक्त भीतीपायी.

आपला मुलूख उन्हाचा. पैठण, गंगापूर, वैजापूर कुठेही जा, एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि आपण उसाच्या सरीत. घाम जातो, पाणी पोटात जात नाही, लघवी घट्ट होते, तिच्यातले क्षार खाली बसतात आणि खडा धरतो. ही कहाणी सर्वांना ठाऊक आहे. कुळथाचे कढण, पानफुटीचा पाला हे उपायही घरोघरी चालतात. कढण जरूर प्यावे, त्या निमित्ताने पाणी तरी पोटात जाते. परंतु एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी : दुखणे थांबले म्हणजे खडा पडलाच असे नव्हे. खडा नळीत तसाच अडकून राहिला तर वरची किडनी लघवीच्या दाबाने फुगत जाते, कालांतराने दुखायचेही थांबते, आणि किडनी गुपचूप निकामी होते. ठिबकची लॅटरल चोंदली तर ऊस पिवळा पडून आपल्याला सांगतो तरी. किडनी तेही सांगत नाही.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नव्हे, कृषी पदविका घेतलेला माणूस आहे. परंतु नळ्या, दाब, अडथळे, गाळ हे आपल्या रोजच्या धंद्यातले विषय आहेत. जाणकार डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि जे वाचले, ते आपल्या भाषेत पुढे मांडतो. दुर्बीण आत जाताना अडते कुठे, आणि ती सुखाने जावी म्हणून डॉक्टर काय करतात व आपण काय करू शकतो, एवढाच विषय. दोन सेंटिमीटरहून मोठा किडनीतला खडा बहुधा पाठीतून भोक पाडून काढतात, ती गोष्ट वेगळी. ती आज घेत नाही.

वाट कशी आहे

प्रथम वाट समजून घेऊ. किडनीतून लघवी मूत्रवाहिनीने मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत उतरते. पिशवीतून मूत्रमार्गाने बाहेर पडते. दुर्बीण याच वाटेने उलटी चढते. बाईमाणसाचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर आणि बराचसा सरळ. त्यामुळे त्यांना पिशवीपर्यंतचा त्रास कमी. पुरुषाचा मूत्रमार्ग मात्र १८ ते २० सेंटिमीटर लांब आणि वळणाचा. शिवाय वाटेत एक स्नायूचे कडे असते. लघवी रोखून धरतो ती याच कड्याच्या जोरावर. त्याच्या पुढे प्रोस्टेट ग्रंथी, जी पन्नाशी-साठीनंतर बहुतेकांची वाढते आणि वाट दोन्ही बाजूंनी दाबते.

बैलवाल्यांना हे लवकर समजेल. बैलाची लघवी तुंबली की खडा बहुधा एकाच ठिकाणी सापडतो, जिथे त्याच्या मूत्रमार्गाला इंग्रजी एस अक्षरासारखे दुहेरी वळण असते तिथे. त्या वळणापायीच गुरांच्या डॉक्टरला बैलाला खालून नळी घालता येत नाही, पोटाला छेद घेऊन पिशवीत नळी बसवावी लागते. माणसाची वाट देवाने त्या मानाने सोपी ठेवली आहे. इंद्रिय वर उचलून ताणून धरले की पहिले वळण सरळ होते, मग दुसरे तेवढे उरते. डॉक्टर नेमके हेच करतात.

आता मापाचे. पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारा शारिएर नावाचा कारागीर गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात होऊन गेला. त्याने लावलेले माप आजही जगभर चालते. त्याला फ्रेंच म्हणतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. पिशवी तपासायची वाकणारी दुर्बीण साधारण १६ फ्रेंच, म्हणजे पाच-साडेपाच मिलिमीटर. आपल्या ठिबकची लॅटरल १६ मिलिमीटरची असते, तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. प्रोस्टेट खरवडून काढायची दुर्बीण २६ फ्रेंचपर्यंत, म्हणजे पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास, पण ती भूल दिल्यावरच घालतात. उलट मूत्रवाहिनीत जाणारी दुर्बीण अडीच ते तीन मिलिमीटरची असते. लोकांच्या डोळ्यांसमोर 'दुर्बीण' म्हटले की वेगळेच काही येते, म्हणून मापे मुद्दाम दिली.

तुपापासून जेलीपर्यंत

या कामातली सर्वांत जुनी युक्ती आपल्याच देशातली आहे. सुश्रुताच्या ग्रंथात अडलेल्या मूत्रमुखाच्या उपचारात लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तुपाने माखून आत घालायला सांगितली आहे, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा थोडी जाड नळी वापरायला सांगितले आहे. निसरडेपणा आणि सबुरी, दोन्ही त्यात आले. आजचे शास्त्र याच दोन गोष्टींभोवती फिरते, हे पुढे दिसेलच.

तुपाची जागा आता जेलीने घेतली. तिच्यात लिग्नोकेन नावाचे बधिर करणारे औषध असते. हे औषध स्वीडनमध्ये १९४३ साली नील्स लोफग्रेन यांनी तयार केले आणि १९४८ पासून ते बाजारात आहे. आपल्याकडे ते झायलोकेन जेली म्हणून ओळखतात. साधारण १० ते २० मिलिलिटर जेली मूत्रमार्गात सोडतात. येथे दोन बारीक गोष्टी आहेत. एक, जेली सावकाश सोडावी. भसकन सोडली तर तिच्या दाबानेच आग होते. दुसरी, सोडल्यावर थांबावे. फवारणी केल्या केल्या पाऊस आला तर औषध जसे वाया जाते, तसे जेली घातल्या घातल्या दुर्बीण सारली तर ती फक्त वंगणाचे काम करते, बधिरपणा येत नाही. त्याला दहा मिनिटांच्या आसपास वेळ द्यावा लागतो. जेलीने वेदना किती कमी होते याबद्दल डॉक्टरांचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, कोणाला फरक दिसला, कोणाला फारसा दिसला नाही. परंतु वंगण म्हणून ती हवीच, यावर दुमत नाही. या औषधाची ज्याला पूर्वी कधी, दात काढतानाही, अॅलर्जी झाली असेल त्याने आधी सांगावे.

दुसरी मोठी सोय म्हणजे दिसणे. फ्रँकफुर्टच्या बोझिनी नावाच्या डॉक्टरने १८०६ साली मेणबत्तीच्या उजेडात शरीराच्या आत पाहायचे यंत्र केले. नित्झे यांनी १८७७ साली ड्रेस्डेन येथे मूत्राशयाची पहिली कामाची दुर्बीण दाखवली. तिच्या टोकाला विजेने तापलेली प्लॅटिनमची तार असे आणि आतला अवयव भाजू नये म्हणून भोवती थंड पाणी खेळवावे लागे! पुढे पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये काचेच्या केसाएवढ्या धाग्यांच्या जुडीतून चित्र वाकड्या वाटेने नेता येते हे १९५४ साली दाखवले. तेव्हापासून वाकणाऱ्या दुर्बिणीचा रस्ता मोकळा झाला. आता तर टोकालाच कॅमेऱ्याची चिप असते. याचा आपल्याशी संबंध काय? तर अंधारात सारणे आणि बघत बघत जाणे यात तोच फरक आहे जो रात्री बॅटरीशिवाय विहिरीत उतरण्यात आणि दिवसा उतरण्यात आहे. आज डॉक्टर वाट पडद्यावर पाहत जातात. काही ठिकाणी पडदा रुग्णालाही दिसेल असा ठेवतात. पुरुष रुग्णांनी स्वतः पडद्यावर पाहिले तर दुखणे कमी जाणवते असे काही अभ्यासांत आढळले आहे. ज्याला पाहवत नाही त्याने पाहू नये. आवडीची गाणी ऐकत पडून राहिल्यानेही काहींची धास्ती कमी होते.

पाण्याचा दाब आणि आपला वाटा

दुर्बिणीतून सलाईनचे पाणी सतत सोडलेले असते. त्याशिवाय दिसत नाही आणि वाटही उघडत नाही. मूत्रमार्ग रिकामा असतो तेव्हा तो बंद, चपटा असतो. आपला पाणी द्यायचा चपटा पाईप आठवा. गुंडाळी उलगडून टाकला की कागदासारखा पडतो आणि मोटार सुरू केली की फुगत, उघडत जातो. तसेच येथे होते. इंग्लंडमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, दुर्बीण त्या स्नायूच्या कड्यापाशी पोचली की मदतनिसाने सलाईनची पिशवी हाताने दाबावी, पाण्याचा लोंढा पुढे जाऊन कडे उघडतो आणि पुरुषांना दुखणे कमी होते. खर्च शून्य, यंत्र कोणतेही नाही, फक्त एक हात. अशा युक्त्या मला फार आवडतात. महागड्या अवजारापेक्षा त्या शेतकऱ्याच्या जवळच्या वाटतात.

या कड्यापाशीच रुग्णाचा वाटा येतो. कडे हे आपल्या मर्जीतले स्नायू आहे. माणूस घाबरला, अंग आवळले, श्वास कोंडला, की कडे गच्च मिटते. मग डॉक्टर कितीही कुशल असो, दुखते. म्हणून त्या क्षणी डॉक्टर सांगतात, लांब श्वास घ्या, पाय सैल सोडा, लघवी करतोय असे समजून जोर सोडा. पुष्कळ लोकांना याची लाज वाटते. टेबल भिजेल, डॉक्टर काय म्हणतील असे वाटते आणि ते उलट अधिकच आवळून धरतात. टेबल भिजायचेच असते, ते त्यासाठीच केलेले असते. लघवी सोडायचा प्रयत्न केला की कडे आपोआप उघडते आणि दुर्बीण पुढे सरकते. हे ज्याला आधी ठाऊक आहे त्याची निम्मी लढाई तेथेच जिंकली जाते, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

नंतर एक-दोन दिवस लघवीला आग होणे, किंचित लालसर होणे हे चालायचेच. भरपूर पाणी प्यावे. मात्र थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण अडली किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

वाटच आवळली असेल तर

काहींची गोष्ट वेगळी असते. मूत्रमार्गात कुठेतरी जखम होऊन भरली की तेथे वण धरतो आणि नळी आकसते. सायकलच्या दांडीवर किंवा गाडीच्या जूवर दोन पायांच्या मध्ये मार बसणे, अपघातात कंबरेचे हाड मोडणे, पूर्वी घातलेल्या रबरी नळीने झालेली इजा, जुना गुप्तरोग, ही त्याची कारणे. धार बारीक होते, लघवीला वेळ लागतो. अशा माणसाने ही माहिती लाजून लपवली तर दुर्बीण तेथेच अडते, आणि जोर केला तर खोटी वाट पडते. तेव्हा वीस वर्षांपूर्वीचे पडणेसुद्धा डॉक्टरांना सांगावे.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्राचे नाव जगभर आहे. मूत्रमार्ग लांबवर आकसला असेल तर गालाच्या आतले अस्तर काढून त्याचे ठिगळ मूत्रमार्गाला लावतात. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी हे काम मूत्रमार्गाची एकच बाजू सोडवून, दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा न तोडता करण्याची पद्धत काढली. २००९ साली ती वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध झाली आणि परदेशातले सर्जन तिला कुलकर्णी यांच्याच नावाने ओळखतात. आता यात आपल्याशी संबंधित मेख अशी की, ठिगळासाठी गालाचे अस्तर निरोगी लागते. गुटखा, सुपारी, तंबाखू खाऊन ज्याचे तोंड नीट उघडत नाही, गाल आतून पांढरे-कडक झाले आहेत, त्याच्या गालाचे ठिगळ चालत नाही. दुसरीकडून कातडी शोधावी लागते. पुडी फोडणाऱ्याला कर्करोगाची भीती सर्वच घालतात. ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

वरची नळी

आता मूत्रवाहिनीकडे वळू. खडा बहुतेक वेळा येथे अडकतो आणि दुर्बीणही येथेच अडते. येथे रुग्णाच्या सहकार्याचा प्रश्न नाही, कारण कंबरेत इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन हे काम करतात. प्रश्न नळीचा. ती सुमारे २५ सेंटिमीटर लांब आणि ३ ते ४ मिलिमीटर रुंद, म्हणजे आपल्या ठिबकच्या मायक्रोट्यूबएवढी. तीन ठिकाणी ती अरुंद असते : किडनीतून निघते तिथे, कंबरेच्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि पिशवीच्या भिंतीतून आत शिरते तिथे. शेवटची जागा सर्वांत अरुंद, आणि दुर्बिणीला पहिली गाठ तिचीच पडते. शिवाय ही नळी मायक्रोट्यूबसारखी मुकाट पडून राहत नाही. ती गांडुळासारखी आकुंचन पावत लघवी खाली ढकलते, आणि डिवचली की अधिकच आवळते.

यावर पहिली युक्ती तारेची. लेंग्यात नाडी ओवताना आपण नाडी कधी नुसती सारत नाही, आधी पिन किंवा काडी घालतो. तसे डॉक्टर आधी मिलिमीटरहूनही बारीक, मऊ टोकाची तार खड्याच्या बाजूने किडनीपर्यंत नेतात आणि तिच्या आधाराने दुर्बीण चढवतात. काही तारांवर असा लेप असतो की पाणी लागले की त्या शेवाळलेल्या दगडासारख्या निसरड्या होतात. नळीचे तोंड उघडत नसेल तर दुसरी तार घालतात. पोत्यात हात घालताना जसे एका हाताने पोत्याचे तोंड उचलून धरावे, तशी ती तार तोंडाचा वरचा काठ उचलते आणि दुर्बीण किंचित फिरवून खालून आत सरकवतात.

दुसरी युक्ती गोळ्यांची. प्रोस्टेटसाठी देतात त्या टॅमसुलोसिन किंवा सिलोडोसिन जातीच्या गोळ्या मूत्रवाहिनीचा स्नायूही सैल करतात. शस्त्रक्रियेआधी साधारण आठवडाभर त्या दिल्या तर दुर्बीण जास्त सहज जाते असे बऱ्याच अभ्यासांत आले आहे. सगळेच डॉक्टर त्या देतात असे नाही, विचारायला हरकत नाही, मनाने घेऊ मात्र नयेत. गोळी घेतल्यावर झटकन उठून उभे राहिले तर चक्कर येते, म्हणून विहिरीच्या काठावर आणि ट्रॅक्टरवर जपून. गोळी चालू असेपर्यंत वीर्य बाहेर येत नाही किंवा कमी येते, त्याने घाबरून जाऊ नये, गोळी बंद झाली की पूर्ववत होते. आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळ्यांविषयी अवश्य सांगावे.

तिसरी गोष्ट युक्ती नव्हे, संयम आहे. किडनीतल्या खड्यासाठी वाकणारी दुर्बीण वरखाली करावी लागते, म्हणून पुष्कळदा आधी एक बारीक म्यान नळीत बसवतात. त्या म्यानाची एक प्रचलित जात बाहेरून १४ फ्रेंच असते, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या जवळ. नळी तीन-चार मिलिमीटरची! ती ताणते, पण किती ताणणार? पॅरिसच्या डॉक्टरांनी २०१३ साली अशा ३५९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्यांच्या नळीला कमी-अधिक इजा दिसली, आणि सुमारे १३ टक्क्यांना ती खोल होती. ज्यांना आधी काही दिवस स्टेंट घालून ठेवला होता त्यांच्यात मात्र खोल इजेचा धोका सात पटींनी कमी आढळला. कॅलिफोर्नियात तर म्यान सारताना लागणारा जोर मोजायचे उपकरणच केले गेले. सुमारे ६ न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ६०० ग्रॅम वजनाएवढ्या जोरापर्यंत नळी सुरक्षित राहते असे त्यांना दिसले. अर्धा-पाऊण किलो म्हणजे किती हलका हात, हे वजनकाट्यावर बोट दाबून पाहा.

"डॉक्टरने अर्धेच काम केले"

ही तक्रार मी अनेक घरांत ऐकली आहे. माणूस खडा काढायला गेला, भूल घेतली, बाहेर आला तेव्हा खडा आतच आणि वर एक नळी घातलेली. पंधरा दिवसांनी पुन्हा या म्हणाले. घरचे चिडतात, पैसे काढण्यासाठी केले म्हणतात. बंधूंनो, बहुतेक वेळा तो डॉक्टर शहाणा असतो. नळी अरुंद दिसली, दुर्बीण अडली, तेव्हा जोर केला असता तर नळी फाटली असती. फार क्वचित, पण घडू नये ते घडून, ती दुर्बिणीबरोबर तुटून खाली आलेलीही आहे, आणि मग किडनी वाचवायलाच मोठे ऑपरेशन लागते. त्याऐवजी डॉक्टर थांबतात आणि डीजे स्टेंट घालतात. ही दोन्ही टोके वळवलेली मऊ नळी, एक वळण किडनीत, एक पिशवीत, म्हणून ती घसरत नाही. १९७८ पासून ती वापरात आहे. तिच्यामुळे लघवी वाहती राहते आणि एक-दोन आठवड्यांत मूत्रवाहिनी आपोआप सैल, रुंद होते. दुसऱ्या खेपेला दुर्बीण सहज जाते. सुश्रुताची सबुरी ती हीच. घट्ट जमिनीत नांगर अडला तर आपण बैलाला मारत नाही, एक पाणी देऊन वाफसा येऊ देतो.

खड्याबरोबर ताप असेल तर तर हे थांबणे सक्तीचेच. अडलेली लघवी आणि तिच्यात पू, अशा वेळी आधी स्टेंट किंवा पाठीतून नळी घालून तुंबलेले वाहू द्यायचे, खडा नंतर. पूयुक्त लघवीत दाबाने पाणी मारले तर जंतू रक्तात शिरतात आणि माणूस दगावू शकतो. दुर्बिणीआधी लघवीची जंतुतपासणी करतात ती याचसाठी. तिचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात म्हणून कुरकुर करू नये. मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगावे.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रविकाराच्या शस्त्रक्रिया आहेत. कोणती बसते, कोणत्या रुग्णालयात बसते, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधी विचारावे, भरती झाल्यावर नव्हे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, आपण ज्याला घाटी म्हणत आलो, ते सर्वांना माहीतच आहे. तेथे गर्दी असते, सकाळी लवकर पोचावे.

नळी विसरू नका

शेवटी जे सांगायचे ते स्टेंटबद्दलच, आणि ते आपल्या हंगामाशी निगडित आहे. स्टेंट हा पाहुणा आहे. तो किती दिवस ठेवायचा ते डॉक्टर ठरवतात, बहुधा काही दिवस ते काही आठवडे. आत असताना लघवीला वारंवार जावे लागते, ओझे उचलले की कंबरेत दुखते, कधी लालसर लघवी होते. पण महिन्याभरात अंगवळणी पडते आणि मग माणूस विसरतो. त्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झाले, टोळी गावात आली, की "तोड होऊ द्या, मग पाहू" असे होते. तोड होते, खोडव्याचे पाचट, खते, पाणी सुरू होते, लग्नसराई येते. स्टेंटवर तिकडे क्षार बसत राहतात. आपल्या ठिबकच्या लॅटरलमध्ये पांढरा थर बसतो अगदी तसे. लॅटरलमध्ये आम्ल सोडता येते, येथे ते नाही. तीन महिन्यांपुढे धोका वाढत जातो. वर्ष-दीड वर्ष राहिलेला स्टेंट दगडासारखा होतो, ओढला तर तुटतो, आणि जो पाच-दहा मिनिटांत निघाला असता त्यासाठी दोन-तीन शस्त्रक्रिया कराव्या लागतात. किडनी गेल्याचीही उदाहरणे वैद्यकीय मासिकांत आहेत.

तेव्हा घरच्या बाईला, मुलाला तारीख ठाऊक असू द्या. रुग्णालयातून सुटताना कागदावर "स्टेंट आहे" असे लिहिले आहे का ते पाहा आणि काढण्याची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने मांडा. ज्या सभासदाची ही तारीख तोडीच्या पाळीवर येत असेल त्याने आपल्या गटाच्या चिटबॉयकडे किंवा शेतकी ऑफिसात तशी चिठ्ठी आधी द्यावी. तोडीचा कार्यक्रम लावताना शेजारच्या प्लॉटशी एक-दोन दिवसांची अदलाबदल करणे पुष्कळदा शक्य असते. ती आम्ही करू, पण चिठ्ठी टोळी फडात उतरण्यापूर्वी हातात पडली पाहिजे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग